माळ्यावरचे ट्रे

“पण सर, ‘पायवाट’ हा अल्बम तुम्ही काढलातच कशाला?”

शार्दूलनं गिटार खांद्यावरून उतरवायच्या आधीच विचारलं. रूबेन सरांकडे शिकायचं म्हणून तो इचलकरंजीहून आला होता. बोटं तयार, जिभेला लगाम नाही.

मी तिथंच बसलो होतो. मिरजेत माझा अंड्यांचा होलसेल धंदा. सरांचा ‘कातळ’ बँड एके काळी माझ्याच गोदामाच्या ह्याच माळ्यावर वाजायचा. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणे. मला त्यातलं काय कळणार? ताल वाकडा, आवाज डोंगर फोडल्यासारखा, आणि एक गाणं संपेपर्यंत माझा टेम्पो भरून व्हायचा.

“पहिले दोन अल्बम म्हणजे तपश्चर्या,” शार्दूल म्हणाला. “हा तिसरा... कुणीही गुणगुणावं असला. आम्हा मेटलवाल्यांत त्याचं कुणी नाव काढत नाही. मला पहिले दोन शिकवा.”

सर माझ्याकडे बघून हसले. “अत्तारचाचा, सांगा त्याला. तुमचीच करणी ती.”

“माझी कसली! नाताळ आला, बेकरीवाल्यांची मागणी वाढली, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कमी पडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ह्यांनी माझेच ट्रे माळ्याच्या भिंतींना चिकटवलेले. मी उपटून नेले.”

“मग?”

“मग आवाज गल्लीत. आता शिव्या बसणार म्हणून मी दारात उभा... तर समोरच्या गॅलरीतून जुबेदाभाभी ओरडल्या, ‘ए पोरांनो, ते मघाचं परत वाजवा की!’”

सर खिडकीबाहेर बघत राहिले. ती गॅलरी आता नाही. भाभीही नाहीत.

“तोवर आम्हाला असं कुणी म्हणालं नव्हतं...” ते म्हणाले.

नाताळ सरल्यावर मी ट्रे परत घेऊन गेलो, तर कुणी हातात घेईना. ‘पायवाट’ची गाणी त्या उघड्या भिंतींतच बसली.

“म्हणजे लोकांसाठी सोपं केलंत,” शार्दूल पुटपुटला.

सरांनी विचारलं, “तू सराव कुठं करतोस?”

“घरी. खोली पक्की केलीय, सर. चारी भिंतींना ट्रे, दाराला गादी. बाहेर मुंगीलासुद्धा कळत नाही.”

“घरी कोण असतं?”

“आई.”

“तिनं ऐकलंय तुझं?”

“आईनं? तिला त्यातलं काय...”

तो थांबला.

“शिकवाल ना, सर?”

सरांनी त्याची गिटार उचलली आणि त्याच्याच खांद्याला अडकवली.

“शिकवीन की. आधी ते ट्रे चाचांना देऊन ये.”