तीन दगडांची चूल

एका राजधानीच्या वेशीबाहेर गवंड्यांची आळी होती. त्या दिवशी तिथे नेहमीसारखी सकाळ होती. म्हाळसा धान्य पाखडत होती, येसू लुगड्याला ठिगळ लावत होती, राही तान्ह्या लेकीला न्हाऊ घालत होती. दुपार व्हायच्या आत निरोप आला. राजाचा नवा बुरूज कोसळला होता. म्हाळसाचा मुलगा, येसूचा भाऊ आणि राहीचा नवरा त्याखाली सापडून मेले होते.

बुरूज का कोसळला, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होते. भिजवलेला चुना महिनाभर मुरू द्यावा लागतो. कारभाऱ्याला राजाच्या वाढदिवसाआधी बुरूज उभा हवा होता. त्याने आठ दिवसांचा चुना वापरायला लावला. गवंड्यांनी हात जोडून सांगितले होते, "हा चुना दगड धरणार नाही." उत्तर मिळाले होते, "तुम्ही थापी धरा. चुन्याचं मी बघतो."

संध्याकाळी दवंडी पिटली गेली. गवंडी दारू पिऊन कामावर आले, म्हणून बुरूज पडला.

तिथली रीत अशी होती, की मृत्यू झालेल्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारी भाकरी-पिठले आणून देतात. त्याला कडू घास म्हणतात. पण दवंडी ऐकली आणि शेजाऱ्यांना कारभाऱ्याची भीती वाटली. जे आले ते हात हलवत आले. "देवाची इच्छा," म्हणाले. एकीने तर राहीला हळूच विचारले, "खरंच प्याला होता का ग?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी राहीला दूध येईना. पोर रडून रडून निळी पडली. ते ऐकून म्हाळसा बाहेर आली. तिने आळीच्या मधोमध तीन दगड मांडले.

"काकू, सुतकात चूल?" येसूने विचारले.

"घरात पेटवायची नाही. रस्त्याचं कोणी काही सांगितलंय? पीठ आण तुझ्याकडचं."

पीठ येसूचे, लाकडे राहीची, तवा म्हाळसाचा. पहिली भाकरी करपली.

"तुझ्या भावाला अशीच आवडायची," म्हाळसा म्हणाली.

"आवडायची कुठली. गप खायचा बिचारा," येसू म्हणाली. तिघी हसल्या. मग तिघी रडल्या. देवाच्या इच्छेचे नाव कोणी काढले नाही.

चौथ्या दिवशी घरच्या चुली पेटवता आल्या असत्या. तिघींपैकी कोणीच पेटवली नाही.

तो रोजचा धूर कारभाऱ्याला खुपू लागला. बायका एकत्र बसतात म्हणजे बोलतात. तो आळीत आला आणि त्याने चुलीपाशी नेमके राहीला गाठले.

"राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तुला जागा देतो. लेकरू उपाशी राहणार नाही. दरबारात एवढंच सांग, की नवरा पीत होता."

राही लेकीकडे बघत राहिली.

"जा बाई," म्हाळसा म्हणाली. "पोर लहान आहे तुझी. तुला कोणी बोल लावणार नाही. पण आधी जेव."

राही जेवली. तिने हात धुतले. मग कारभाऱ्याला म्हणाली, "दरबारात येते मी. पण चुना आठ दिवसांचा होता, हे सांगीन. खोटं बोलले तर उद्या या दोघींसमोर जेवायला कशी बसू?"

येसू उठली. म्हाळसाही उठली. तिघी पडलेल्या बुरुजातले चुन्याचे एक ढेकूळ घेऊन दरबारात गेल्या. राजाने ते हातात घेऊन दाबले. त्याचा भुगा झाला.

कारभाऱ्याला गुपचूप दुसऱ्या परगण्यात पाठवले गेले. तिथेही तो कारभारीच होता.

"महाराज," म्हाळसाने त्या दिवशी दरबारात विचारले होते, "माझा मुलगा शुद्धीत होता, अशी दवंडी पिटाल ना?"

"पिटू," राजा म्हणाला होता.

नवा बुरूज केव्हाच उभा राहिला. राहीची लेक आता स्वतः त्या चुलीवर भाकऱ्या भाजते. ती दवंडी मात्र पिटायची राहिली आहे.

तात्पर्य: रिकाम्या हातांनी आलेले सांत्वन दारातूनच परत जाते; आपल्यासारखीच ज्याची चूल विझली आहे, त्याच्याजवळ बसले की दुःख सोसायचे आणि खरे बोलायचे बळ येते. पण त्या बळामुळे, ज्याने अन्याय केला त्याचे देणे फिटत नाही.