बेडूक विरुद्ध चंद्र

जंगलात कोर्ट बसायचं, तेव्हाची गोष्ट. खारीच्या ढोलीच्या तोंडाशी घोरपड ठाण मांडून बसली. खारीने माकडाला वकील केलं. माकडाला माणसांनी टाकलेलं एक बोलकं यंत्र सापडलं होतं. त्याने सगळं त्या यंत्रालाच विचारलं.

ढोलीच्या झाडाखालीच कोर्ट भरलं. माकड ऐटीत म्हणालं, "महाराज, 'बेडूक विरुद्ध चंद्र' या खटल्यात आपणच निकाल दिलाय, ढोली खारीचीच!"

न्यायाधीश कासवाने मान बाहेर काढली. "मी? अरे, दोनशे वर्षं मी नुसत्या तारखा देतोय!"

घोरपड खदाखदा हसली. तेव्हा खारच रडत पुढे आली. "महाराज, आत माझी पिल्लं अडकलीत हो!"

"घोरपडे, ऊठ तिथून! आत्ताच्या आत्ता!" कासव कडाडलं. मग माकडाकडे वळून म्हणालं, "हे तू का नाही सांगितलंस?"

माकडाने डोकं खाजवलं. "यंत्राला सगळं विचारलं, महाराज. खारीला विचारायचं राहिलं."