पडीक हौद्याला तूप

"आणि मला खायला शिकवलं कुणी, वस्ताद? तुम्हीच ना?"

रंगराव पैलवान तालमीच्या कट्ट्यावर पाय लांब करून बसला होता. दुमडायची सोयच नव्हती. दोन्ही गुडघे सुजून टम्म झाले होते.

दस्तगीर वस्तादांनी त्या गुडघ्यांकडं बघितलं.

कुस्ती सोडून रंगरावला जमाना झाला. खुराक मात्र सुटला नाही. सकाळी थंडाई, दुपारी मटण, रात्री वाटीभर तूप आणि वर जिलेबी. आमच्याकडच्या जुन्या पैलवानांचं हे असंच. लंगोट खुंटीला टांगतील, पण ताटातला घास कमी केला तर म्हणे इज्जत जाते. डोंबलाची इज्जत!

डॉक्टरांनी रक्त तपासून बजावलं होतं, सूज नुसती गुडघ्यात नाही, अंगभर धुमसतेय. हे खाणंच तिला जळण घालतंय. असंच चाललं तर आधी चालणं बंद होईल, मग हृदयावर येईल. ते ऐकून रंगराव तणतणत इथं आला होता. डॉक्टर चुकतोय, एवढं वस्तादांनी एकदा म्हणावं, बस्स. येताना घरच्या तुपाचा डबाही आणला होता.

वस्ताद डबा घेऊन उठले. तालमीच्या मागं लाल मातीचा जुना हौदा होता. पोरं मॅटवर खेळायला लागल्यापासून त्यात कुणी उतरलं नव्हतं. वस्तादांनी झाकण काढलं आणि उन्हानं पातळ झालेलं तूप ते मातीत ओतायला लागले.

रंगराव भिंत धरून, कण्हत मागं आला.

"हे काय करताय, वस्ताद?"

"मातीला तूप घालतोय. आपण घालायचोच की... ताक, लिंबू, हळद, तूप."

"तेव्हा पोरं रोज माती उकरायची, तिच्यात घाम गाळायची." रंगराव भडकला. "आता कोण उतरतंय हौद्यात? पडीक मातीला तूप घातलं तर नासंल ती. किडं पडतील. एवढं साधं तुम्हाला कळू नये?"

वस्ताद थांबले...

डब्याला झाकण लावून त्यांनी तो रंगरावच्या हातात दिला.

"मातीची लई काळजी रे तुला, रंगा," ते म्हणाले. "तिला तर घरापर्यंत चालतही जायचं नाही."