एका गळ्यात सगळ्या घंटा

फार पूर्वी एका चुनाभट्टीवर जांभळी नावाची गाढवी आपल्या दोन मुलांसह ओझी वाहायची. पाठीवरच्या जखमांत चुना जाऊन आग व्हायला लागली, तेव्हा सगळ्या गाढवांनी संप केला. जखमा भरेपर्यंत गोण घ्यायची नाही, असं ठरलं. तिचा थोरला, भुरक्या, तेवढा ऐकेना.

"तू आजारी होतीस तेव्हा मालकानं मला हातानं दूध पाजलंय, आई. त्याला नाही कसं म्हणू?"

"मग आम्हाला तोंड कसं दाखवशील?" धाकटा टिकल्या म्हणाला. भुरक्या मान खाली घालून कामावर गेला.

मालकानं संपकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा आधीच काढून घेतल्या होत्या.

संध्याकाळी भट्टीचा पांढरा धूर माळावर उतरला. शेजारचं गाढवही दिसेना. त्या धुरातून अख्खा कळप चालल्यासारख्या घंटा वाजू लागल्या. जांभळी जागीच थिजली. त्यांत तिची स्वतःची घंटा होती. गेल्या साली मेलेल्या तिच्या नवऱ्याचीही होती.

"सगळे कामावर गेले वाटतं," कुणीतरी म्हणालं. एकेक जण उठून भट्टीकडे निघाला.

"आईसुद्धा गेली," धुरात टिकल्याचा आवाज आला, आणि त्याचे खूर लांब जाऊ लागले.

"मी इथं आहे रे," ती ओरडली. घंटांपुढे तिचा आवाज पोचला नाही.

धूर जरासा फाटला. समोर एकटा भुरक्या होता, चुन्यानं पांढराफटक, गळ्यात मालकानं बांधलेल्या सगळ्यांच्या घंटा. आई काय म्हणते ते ऐकायला तो थांबला. पाय थांबले, पण घंटा थांबेनात. तो थरथरत होता.