गडाचं पाणी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही. आणि न आठवलेलंच बरं, असा होता तो.

त्या राज्यात म्हाळू नावाचा एक पाणाड्या होता. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगायचं, हा त्याचा धंदा. उंबराच्या फांदीची बेचकी हातात धरून तो रानात हिंडे, आणि जिथं टाच रोवील तिथं खणलं की पाणी लागे. मग काय विचारता, गावोगाव त्याला जावयासारखा मान! पण नशीब फिरलं. ओळीनं तीन विहिरी कोरड्या निघाल्या. लोकांचं काय, ज्या तोंडानं वाखाणतात त्याच तोंडानं हसतात. म्हाळूला कुणी बोलवेना. तो दिवसभर ओट्यावर बसून राही. जेवायला हाक मारली तरी उठत नसे.

अशात एके दिवशी राजाचा सरदार दारात येऊन उभा राहिला. फौजेनं आठ महिने एका डोंगरी गडाला वेढा घातला होता, आणि गड काही हाती लागत नव्हता.

"पाणाडे तुम्हीच ना?" सरदार म्हणाला. "गडावर बारमाही झरा आहे. त्याच्या जिवावर ती माणसं तग धरून आहेत. तो झरा कुठून येतो ते शोधायचं आणि तोडायचा. फौजेत या. घोडा देऊ, पागोटं देऊ."

म्हाळूच्या अंगात वारं शिरलं. किती दिवसांनी कुणी असं आदरानं बोलत होतं!

त्याची बायको गिरजा आतून बाहेर आली. "अहो, गडावर बायापोरंही असतील की."

"असतील. शत्रूची."

"आणि तहान? तीही शत्रूची का?"

"तू गप गं! इतक्या दिवसांनी कुणी विचारतंय, त्यात खोडा घालू नकोस."

फौजेत गेला आणि माणूसच बदलला. पहाटे उठून कड्याकड्यानं फिरे, दगड चाचपी, जमिनीला कान लावी. शिपाई त्याला मुजरा करत. अकराव्या दिवशी त्यानं एका कपारीशी टाच रोवली. "इथं सुरुंग लावा."

बार उडाला आणि खडकातून पाण्याचा लोट घळीत कोसळला. जन्मात एवढं पाणी त्याच्या हातून लागलं नव्हतं. फौजेनं जयजयकार केला. म्हाळू त्या पाण्यात उभा राहून नाचला, अगदी नाचला बघा. आणि ते सगळं पाणी रानात वाहून गेलं.

उन्हाळ्याचे दिवस. पंधरवड्यात गडाचा दरवाजा आतूनच उघडला. लोक कसे बाहेर आले ते मी सांगणार नाही. मांडीवर लेकरं घेऊन ऐकताय तुम्ही.

सरदार खूश झाला. "शाब्बास! आता इथं आमची माणसं राहणार. वर चला, आणि त्यांना पाणी काढून द्या."

म्हाळू वर गेला. कोरड्या टाक्याच्या काठावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर नातू, त्याच्या तोंडावर पदर टाकलेला. तिनं म्हाळूच्या हातातली बेचकी पाहिली आणि हात जोडले.

"पाणाड्या का रे तू? देवासारखा आलास बाबा! परवा आला असतास, तर हा वाचला असता रे."

म्हाळूला मान वर करवेना. तो खणायला लागला. इथं खणलं, तिथं खणलं. पण खाली फोडलेला झरा वर कसा चढणार? तिसऱ्या दिवशी म्हातारीही गेली. खालच्या घळीतून वाहून आणलेलं पाणी एवढ्यांना पुरेना, आणि महिन्याभरात राजाची फौजसुद्धा तहानेनं हैराण होऊन गड सोडून निघाली. ज्याच्यासाठी एवढी माणसं मेली, तो गड शेवटी घुबडांना राहिला!

जाताना सरदारानं हाक दिली, "चला पाणाडे, अजून दोन गड घ्यायचेत."

म्हाळू जागचा हलला नाही. मरेपर्यंत तो तिथंच खणत होता. प्यायचं पाणी खालच्या घळीतून डोक्यावर वाहून आणी. वर मात्र त्याला एक थेंबही लागला नाही.

बोध एवढाच: आपल्या कामाला मान मिळतोय म्हणून हरखण्याआधी, ते काम कुणाच्या जिवावर उठणार आहे ते बघावं.