नाकेदाराचा हुकूमनामा

एका राज्याच्या सीमेवर भुजंगराव नावाचे नाकेदार होते. मिशा वर, नाक त्याहून वर. सीमेपलीकडच्या माहेराहून सासरी परतणाऱ्या द्वारका कासारणीला त्यांनी एकदा अडवलं.

"बोली परकी वाटते तुझी. या राज्यातली आहेस असा कागद दाखव, नाहीतर चल कोठडीत!"

बाईने बांगड्यांची पेटी उतरवली आणि चिंचेच्या सावलीत बसली. "दाखवते की. पण आधी महाराजांच्या शिक्क्याचा तुमचा हुकूमनामा दाखवा. तो दाखवल्याशिवाय वाटसरूला अडवायचं नाही, अशी दवंडी गेल्या जत्रेत तुम्हीच पिटवलीत."

हुकूमनामा घरी फडताळात पडला होता. भुजंगराव गुरगुरले, "मला कागद कशाला? साऱ्या पंचक्रोशीला माझं तोंड ठाऊक आहे!"

"आणि साऱ्या पंचक्रोशीच्या हातात माझ्या बांगड्या आहेत. माहेरी जायच्या आदल्या दिवशीच तुमच्या घरी वहिनीसाहेबांना हिरवा चुडा भरून आले. नुसत्या तोंडावर भागत असेल, तर दोघांचंही भागू द्या."

रांगेतले लोक खुदुखुदू हसू लागले. भुजंगरावांनी घाईघाईने हात झटकला. "बरं बरं, जा! सोडलं तुला!"

द्वारकाबाईने पेटी डोक्यावर घेतली. "सोडायला आधी अडवता यावं लागतं, राव. मी आपली सावलीला टेकले होते."