तडकलेला पितळी हंडा

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा तांबट राहत होता. तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवायची, हा त्याचा पिढीजात धंदा. त्याची बायको गोजरा त्याच्याच शेजारी ऐरणीपाशी बसायची. हंड्याच्या पोटाचा भाग केरबा ठोकायचा, पण गळ्याची नाजूक वळणं गोजराच्या हातची असायची. केरबाचे वडील, आबा, आता थकले होते. ते ओट्यावर बसून दोघांचं काम बघत.

त्या वर्षी गोजराची आई वारली. गोजरा माहेरची थोरली. पाहुण्यांचं जेवणखाण, धाकट्या भावाला सावरणं, दिवसकार्य, सगळं तिनेच निभावलं. रडायला तिला सवडच मिळाली नाही. पंधराव्या दिवशी ती सासरी आली आणि त्याच दुपारी कामाला बसली, कारण शेजारच्या मालनबाईंच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. रुखवतात मांडायला त्यांना तीन पितळी हंडे हवे होते.

गोजरा काम करत होती, पण बदलली होती. बोलणं तुटक झालं होतं. हातोडीचा नेम चुकत होता. एके सकाळी आबांनी चहात साखर कमी आहे एवढंच म्हटलं, तर तिने कप उचलून मोरीत ओतला. आबांनी ते मनावर घेतलं नाही. केरबा मात्र चिडला.

"माझी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी या ऐरणीपाशी बसलो होतो," तो म्हणाला. "काम करत राहिलं की मन आपोआप ताळ्यावर येतं."

गोजराने मान खाली घातली आणि हातोडी उचलली.

दोन हंडे झाले. तिसऱ्याचा काठ केरबा स्वतःच ठोकत होता. पितळ कडक होत चाललं होतं. ठोक्याचा आवाज चढला होता, हातोडी उसळून मागे येत होती. अशा वेळी भांडं भट्टीत लालसर तापवून पुन्हा मऊ करायचं असतं. पण भट्टी पेटवायची म्हणजे तासभर मोडला असता. अजून दहा-बाराच तर ठोके हवे होते. केरबाने ते मारले, आणि शेवटच्या ठोक्याला हंडा काठापासून बोटभर तडकला.

"तू बघत होतीस ना?" केरबा बायकोवर ओरडला. "थांबा म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय उपयोग?" गोजरा शांतपणे म्हणाली. "आपल्याला थांबायचं कुठे होतं?"

ती उठून आत गेली. तिचे डोळे कोरडे होते.

आबांनी तो हंडा मांडीवर घेतला आणि भेगेवरून अंगठा फिरवला. "तू तांब्यावर शिकलास, केरबा," ते म्हणाले. "तांबं पुष्कळ सोसतं. पितळ तेवढं सोसत नाही. त्यात त्याचा काय दोष?"

मुलांनो, आबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. धातूच्या आत अतिशय बारीक अणू असतात. दुकानात लिंबं रचावीत तसे ते थरांवर थर लावून बसलेले असतात. ठोका बसला की थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातू न तुटता पसरतो. पण ठोक्यांवर ठोके बसत गेले की थर एकमेकांत अडकतात आणि सरकायला वाव उरत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण; त्यात तांब्याच्या काही अणूंच्या जागी जस्ताचे जरा मोठे अणू बसलेले असतात. ते आधीच वाट अडवतात, म्हणून पितळ तांब्यापेक्षा लवकर कडक होतं. धगीत थोडा वेळ ठेवलं की अणू पुन्हा नीट रचून बसतात. ती धग न देता ठोकतच राहिलं, तर भांड्याला तडकण्यावाचून गत्यंतर नसतं.

केरबाने भेगेकडे पाहिलं, मग गोजरा गेली त्या दाराकडे, आणि हातोडी खाली ठेवली. मग तो मालनबाईंकडे गेला. "दोनच हंडे देऊ शकेन," त्याने सांगितलं. "तिसरा माझ्या घाईने फुटला. दुसरा करायला आता मी थांबणार नाही, गोजराला माहेरी न्यायचंय."

मालनबाईंना राग आला. "लग्न तोंडावर आलंय आणि आता सांगतोस?" त्या म्हणाल्या. तिसरा हंडा त्यांनी तालुक्याच्या बाजारातून आणवला.

घरी येऊन तो गोजराला म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीने तुझ्या माहेरी जाऊ."

"कशाला?" ती म्हणाली. "आई कुठे आहे तिथे?"

केरबा तिच्याशेजारी टेकला. तो म्हणाला, "नाही, ती नाही. पण तिचं घर आहे. तू बस तिथे. मी पण बसेन."

माहेरच्या स्वयंपाकघरात आईचं लुगडं अजून दोरीवरच होतं. कोणी ते काढलं नव्हतं. गोजराने ते ओढून घेतलं, तोंडाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. केरबाने तिला गप्प केलं नाही. तो जवळ बसून राहिला.

पुढचे काही दिवस ती आईबद्दल बोलत होती. भाकरी थापताना आई बांगड्या कोपरापर्यंत कशा सारायची, खोटं रागावताना तिला हसू कसं फुटायचं. एकदा मध्येच थांबून तिने विचारलं, "अहो, तुमच्या आई कशा होत्या? तुम्ही कधी बोललाच नाहीत."

केरबा सांगायला लागला. सांगता सांगता, इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदाच आईसाठी रडला, आणि गोजराने त्याची पाठ थोपटली.

दहाव्या दिवशी सकाळी गोजरानेच पिशवी भरली. भावाच्या डोक्यावरून हात फिरवून ती केरबाला म्हणाली, "चला, आबा एकटे कंटाळले असतील." गाडीला अजून वेळ होता, म्हणून दोघं फाट्यापर्यंत गप्पा मारत चालत गेली.

तात्पर्य: सगळ्यांची सोसण्याची ताकद सारखी नसते. दुःखाचे घाव सोसलेल्या माणसाला आणखी राबवू नये. त्याला मायेची ऊब आणि सावरायला वेळ द्यावा.